ससा चावतो, तेव्हा तो काय सांगतो?

भित्र्या माणसाला आपण 'सशाच्या काळजाचा' म्हणतो. कुणाची फार धावपळ आणि दैना झाली, की त्याची 'ससेहोलपट' झाली असे म्हणतो. जी गोष्ट जगात असूच शकत नाही तिला जुन्या पंडितांनी 'शशशृंग', म्हणजे सशाचे शिंग, असे नाव दिले. भाषेने आपल्या मनात सशाची जी मूर्ती घडविली आहे, तीत ससा नेहमी पळतो. तो उलटून अंगावर कधी येत नाही. म्हणूनच घरी पाळलेला ससा जेव्हा पुढच्या पंजांनी फटके मारतो, गुरगुरतो आणि हाताला कडकडून चावतो, तेव्हा घरातील सारी मंडळी चकित होतात. 'हा ससा रागीट आहे', 'हा बिघडला', असा निकाल मग एका वाक्यात दिला जातो.

विद्यार्थी मित्रांनो, या निकालाविरुद्ध मला थोडे बोलायचे आहे. 'रागीट' हे सशाच्या वागण्याचे कारण नव्हे. ते आपण त्याला दिलेले एक नाव आहे. अंग तापलेल्या रोग्याला 'तुम्हाला ताप आहे' एवढेच सांगून जो डॉक्टर घरी पाठवील, त्याच्याकडे आपण पुन्हा जाणार नाही. सशाच्या बाबतीत मात्र आपण अगदी तसेच वागतो. नाव दिले की कारण समजले, अशी आपली समजूत होते आणि विचार तेथेच थांबतो.

नाव एक, प्राणी दोन

घोटाळ्याची सुरुवात नावापासूनच होते. सातारा व सांगली हा एके काळी एकच जिल्हा होता. १९४९ साली त्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले तशी नावेही दोन झाली. सशांच्या बाबतीत मात्र प्राणी दोन असून आपल्याकडे नाव एकच राहिले.

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांच्या माळरानांवर जो दिसतो तो रानससा. त्याचे शास्त्रीय नाव लेपस निग्रिकोलिस. त्याच्या मानेच्या मागील बाजूस काळा पट्टा असतो. तो बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंग मावेल एवढ्या खळग्यात दबून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात व त्यांचे डोळे उघडे असतात. संकट आले की निपचित बसायचे आणि फारच जवळ आले की वाऱ्यासारखे पळायचे, ही त्याची संरक्षणाची रीत. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा ससा हाच.

आपण पाळतो तो पांढरा, करडा किंवा ठिपकेदार ससा वेगळा. त्याचे शास्त्रीय नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. त्याचे मूळ घर स्पेन-पोर्तुगालच्या बाजूला. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, अंगोरा या सर्व जाती त्याच्याच. हा जमिनीत बिळांचे जाळे खणतो व त्यात कळपाने राहतो. त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. रानससा आणि हा पाळीव ससा यांच्यात संकरही होत नाही, इतके ते एकमेकांपासून दूर आहेत.

आता फरक ध्यानात घ्या. रानसशाला पळायला सारे माळरान मोकळे असते. पाळीव सशाच्या पूर्वजांना मात्र राखायला घर होते, घरात माद्या होत्या, पिल्ले होती आणि शेजारी प्रतिस्पर्धी होते. घर राखणारा प्राणी वेळ आली की भांडतो. आपण गोष्टींतल्या रानसशाचा स्वभाव पिंजऱ्यातल्या सशावर लादतो आणि तो तसा वागला नाही की त्यालाच दोष देतो.

टिंबर्गेनचे चार प्रश्न

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेंझ आणि निको टिंबर्गेन या तिघा शास्त्रज्ञांना या विषयातील कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी टिंबर्गेन यांनी १९६३ साली असे मांडले, की कोणतेही वर्तन समजून घ्यायचे तर चार प्रश्न विचारावे लागतात. ते कशामुळे घडले? प्राण्याच्या आयुष्यात ते कसे घडत गेले? त्याचा प्राण्याला उपयोग काय? आणि पूर्वजांपासून ते कसे आले? आपल्या चावऱ्या सशाला हे चारही प्रश्न लावून पाहू.

पहिला प्रश्न, कशामुळे? सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला मागचे आणि वरचेही दिसते. पण नेमके नाकासमोरचे व हनुवटीखालचे दिसत नाही. आपण प्रेमाने त्याच्या नाकापुढे बोट नेतो ते त्याच्या दृष्टीने अचानक कोठून तरी उगवते. वरून येणारा हात तर त्याला झेपावणाऱ्या घारीसारखा वाटणार. दुसरे कारण दुखण्याचे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. चघळायला भरपूर गवत नसेल तर ते झिजत नाहीत, वेडेवाकडे वाढून जीभ व गाल कापतात. तारेच्या जाळीवर सतत बसून पायांच्या तळव्यांना फोड येतात. अशा सशाला उचलले तर तो चावेल नाही तर काय करील? तिसरे कारण उन्हाळ्याचे. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. हवा तीस अंश सेल्सिअसच्या वर गेली की त्याला त्रास होऊ लागतो. सांगली, जत, आटपाडीकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि आपण मात्र खुराडे पत्र्याच्या छपराखाली ठेवतो!

दुसरा प्रश्न वाढीचा. 'आणला तेव्हा किती गरीब होता, आता पाहा!' ही तक्रार फार ऐकू येते. याचे उत्तर बहुधा सशाच्या वयात असते. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास ससा वयात येतो आणि त्याच्या शरीरातील संप्रेरके काम करू लागतात. नर मूत्राचे फवारे मारतो, पायांभोवती घिरट्या घालतो, दुसऱ्या नराशी रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतो. मादीला कधी कधी खोटा गाभ राहतो. मग सोळा-अठरा दिवस ती अंगावरचे केस उपटून घरटे करते व कुणाला जवळ येऊ देत नाही. बालपणाचाही परिणाम असतो. ससीण पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच आणि तेही काही मिनिटेच पाजते. हंगेरीतील संशोधकांना असे आढळले, की पहिल्या आठवड्यात या पाजण्याच्या वेळेच्या आसपास पिल्लांना माणसाचा हात लागला, तर पुढे ती माणसाला कमी भितात. म्हणजे तुमच्या सशाची भीती तुमच्या घरी येण्यापूर्वीच ठरलेली असू शकते.

तिसरा प्रश्न उपयोगाचा. ऑस्ट्रेलियात मिकितोविच या शास्त्रज्ञाने सशांच्या वसाहतींचा अनेक वर्षे अभ्यास केला. सशाच्या हनुवटीखाली एक गंधग्रंथी असते. ती वस्तूंवर घासून ससा 'हे माझे' अशी खूण करतो. वसाहतीतील प्रमुख नरांत ही ग्रंथी मोठी असते व तेच अधिक खुणा करतात, असे त्याला दिसून आले. तुमचा ससा खुर्चीच्या पायाला, वाटीला, तुमच्या चपलेला हनुवटी घासतो ना? तो तुमच्या घरात आपली हद्द आखत असतो. पिंजरा हे तर त्याचे बीळच. त्यात हात घालून वाटी ओढणे म्हणजे त्याच्या दृष्टीने घरफोडी होय.

चौथा प्रश्न पूर्वजांचा. शेकडो वर्षे पाळल्याने सशात बदल झाला नाही काय? झाला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रानटी व पाळीव सशांच्या मेंदूंची चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने तुलना केली गेली. भीतीशी निगडित असलेला ॲमिग्डाला हा भाग पाळीव सशांत लहान आढळला. भीतीला आवर घालण्याशी संबंध असलेला पुढचा भाग मोठा आढळला. माणसाने सशाची भीती कमी केली आहे. पण ती नाहीशी केलेली नाही.

चारही उत्तरे एकत्र ठेवली की काय दिसते? भीती, वेदना, वयात येणे, हद्द राखणे. 'दुष्टपणा' या यादीत कोठेच नाही.

चावण्यापूर्वीची भाषा

ससा सहसा एकदम चावत नाही. आधी तो अंग ताठ करतो, कान मागे पाठीला चिकटवतो, शेपटी उंचावतो. मागचा पाय जमिनीवर आपटतो. मग गुरगुरतो, पुढे झेप घेतो, पंजा मारतो. एवढे करूनही हात मागे गेला नाही की चावतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचे नाव नागांमुळे सर्वांना ठाऊक आहे. नाग फणा काढतो ते चिडून, असे लोक समजतात. खरे तर तो 'दूर राहा' अशी सूचना देत असतो. सशाचे मागे वळलेले कान ही त्याची तशीच सूचना होय. नागाची सूचना आपण पाळतो, कारण तेथे आपल्या जिवाशी गाठ असते. सशाची पाळत नाही, कारण त्याची आपल्याला भीती वाटत नाही. ज्याला आपण भीत नाही त्याचेही म्हणणे ऐकणे, यालाच मी सुसंस्कृतपणा म्हणेन.

येथे शिकण्याचाही एक नियम लागू होतो. ससा चावला आणि हात गेला, तर चावणे उपयोगी पडते हे तो शिकतो. उलट पाय आपटल्यावरच हात थांबला, तर चावण्याची वेळच येत नाही. चापट मारणे, कान धरून उचलणे, उलटे पाडून 'शांत' करणे हे उपाय काही घरांत केले जातात. उताणा पाडलेला ससा निपचित पडतो खरा; पण तो शांत झालेला नसतो, भीतीने गोठलेला असतो. शिवाय सशाची हाडे हलकी आणि मागचे पाय फार जोरकस. धडपडीत त्याने लाथ झाडली तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो.

मग करावे काय?

प्रथम दुखणे नाही ना, याची खात्री करावी. स्वभाव एकाएकी बदलला असेल तर हे अगदी आधी. गावातील गुरांच्या दवाखान्यात दात व तळवे दाखवावेत. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. ससा अर्धा दिवस काहीच खात नसेल तर उद्याची वाट पाहू नये. त्याचे आतडे थांबले की जिवावर बेतते. वयात आलेल्या सशाचे निर्बीजीकरण केल्यास भांडखोरपणा बराच कमी होतो. मात्र सशाला भूल देणे नाजूक काम आहे. ते अनुभवी पशुवैद्याकडूनच करून घ्यावे.

दुसरे, त्याला घर द्यावे. ऐसपैस जागा, लपायला दोन तोंडांचे खोके, खाली जाळीऐवजी गवताचे अंथरूण, उन्हाळ्यात सावली व ओले गोणपाट. अन्नात मुख्य भाग वाळलेल्या गवताचा असावा; जोडीला हिरवा पाला. तासगावची द्राक्षे आणि साताऱ्याचे कंदी पेढे आपल्यासाठी ठेवावेत. सशाच्या पोटाला साखर मानवत नाही. दिवाळीचे फटाके व मिरवणुकीचे कर्णे यांपासून त्याला आतल्या खोलीत न्यावे.

तिसरे, हात वरून न नेता बाजूने न्यावा. जमिनीवर बसावे, वाचत राहावे आणि त्याला स्वतःहून येऊ द्यावे. ससा पहाटे व संध्याकाळी अधिक जागा असतो. भर दुपारी त्याची झोपमोड करू नये. पिंजरा साफ करायचा तो त्याने बाहेर यावे आणि मग. याला काही आठवडे लागतात. शेजारपाजारच्या मुलांचा ससेमिरा मागे लागला असेल तर आणखी जास्त.

आणि चावलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावी. सशावर ओरडून काही साधत नाही.

शिक्षकांना एक विनंती

शिक्षकांनी या विषयाकडे प्रयोग म्हणून पाहावे, असे मला वाटते. ज्या विद्यार्थ्याच्या घरी ससा आहे त्याने पंधरा दिवसांची नोंदवही ठेवावी. वेळ, जागा, समोर कोण होते, आधी काय घडले, सशाने काय केले, नंतर काय झाले, असे सहा रकाने पुरेत. 'रागावला' हा शब्द लिहायचा नाही. 'कान मागे, पाय दोनदा आपटला' असे लिहायचे. दिसलेले आणि मानलेले यांतील फरक शिकवायला याहून चांगला धडा नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी: आज पिंजऱ्याची जागा, पुढील आठवड्यात हात नेण्याची दिशा. मात्र नोंद मिळावी म्हणून सशाला मुद्दाम चिडवायचे नाही. या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही, खर्च तर मुळीच नाही.

'द्या सोडून डोंगराकडं!'

एवढे सारे करण्याऐवजी घरातील मोठी माणसे सोपा उपाय सुचवतात. 'चावतोय न्हवं? मग द्या सोडून डोंगराकडं. ऱ्हाईल मोकळा!' सांगणाऱ्याच्या मनात दया असते; पण ही दया नव्हे. अजिंक्यताऱ्यावर किंवा दंडोबाच्या डोंगरात सोडलेल्या पांढऱ्या सशाला ना तेथील पाला ठाऊक, ना तेथील शत्रू. कुत्री, मुंगसे आणि घारी यांना तो दुरूनही दिसतो. पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत कारणावाचून सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. आणि परका प्राणी जगलाच तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तेथे १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून २४ ससे आणविले. त्यांच्या वंशजांनी पुढे जवळजवळ सारे खंड कुरतडले.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. पिकाच्या काढणीच्या वेळी शेतात रानसशाचे पिल्लू सापडते. मुले ते 'आईने टाकले' म्हणून घरी आणतात. आईने ते टाकलेले नसते. शत्रूला वास लागू नये म्हणून ती दिवसभर दूर राहते व अंधार पडल्यावर पाजायला येते. घरी आणलेले असे पिल्लू भीतीनेच बहुधा मरते. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते पिल्लू शेजारच्या बांधावर गवतात ठेवून आपण दूर व्हावे, हेच योग्य.

'एका सशासाठी एवढा खटाटोप?' असे कोणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. खटाटोप नको असेल तर ससा आणू नये. वाढदिवसाची भेट म्हणून तर मुळीच नाही. चांगला सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो. पाचवीत असताना आणलेला ससा तुम्ही पदवीधर व्हाल तेव्हाही घरात असू शकतो. तेवढी वर्षे त्याने आपल्याशी चांगले वागावे असे वाटत असेल, तर त्याचे म्हणणे समजून घेण्याचे काम आपले आहे, कारण पिंजऱ्याची कडी आपल्या हाती आहे. तुमच्या किंवा शेजारच्या घरी एखादा 'रागीट' ससा असेल, तर आज संध्याकाळी हात मागे ठेवून त्याच्यापासून चार हातांवर बसा आणि नोंदवहीचे पहिले पान लिहायला घ्या.